चाकांवरच्या घरातली भाऊबीज

नोएडातल्या त्या आवारात भाड्याची कॅम्पर व्हॅन पाहिली आणि मी लहान पोरासारखा हरखलो. पलंग, ओटा, शेगडी, सगळं चार चाकांवर! आईचे गुडघे धरतात, तिला फार वेळ बसवत नाही. ती आडवी होऊन मेरठला जाईल, या सबबीवर मी माझी हौस भागवून घेतली.

मेरठच्या छावणीत मामा सुभेदार आहे. तो फौजेत भरती झाल्यापासून आई दर भाऊबीजेला चंद्रालाच भाऊ मानून ओवाळत आली. यंदा भाऊ दोन तासांवर होता, पण चार वाजता तुकडीबरोबर सीमेकडे निघणार होता.

एक्स्प्रेसवेवर अर्धी दिल्ली भाई दूजला (इकडची भाऊबीज) निघालेली. मी शहाणपणा करून मुरादनगरला गंगनहरच्या (कालव्याच्या) रस्त्याला वळलो. दोन्हीकडे ऊस, गार वारा, आई मागून करंज्या पुढे करतेय. मी तर चक्क गाऊ लागलो. आणि समोर आडवा लोखंडी खांब, उंच गाड्या अडवायला लावलेला! जन्मभर छोटी मोटार चालवलेल्या मला गाडीची उंची सुचलीच नव्हती.

मिठाईचा डबा घेऊन निघालेला एक स्कूटरवाला थांबला. "भाईसाहब, ये कोठी यहाँ से ना निकलेगी," व्हॅनला थेट बंगलाच ठरवत तो म्हणाला आणि मागची रहदारी अडवून त्यानेच मला उलटं बाहेर काढलं. तासभर गेला. आईने करंज्यांचा डबा बंद केला, ते जास्त लागलं.

छावणीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. पासशिवाय एवढी गाडी आत सोडता येत नाही, पहारेकरी अदबीने म्हणाला. आईला तेवढं चालवणार नव्हतं. मी फोन केला आणि गणवेशातला मामा जवळजवळ धावतच आला. दारात वाकून त्याने आत पाहिलं.

"ताई, घर कधी घेतलंस?"

"आज सकाळी. बूट काढून ये."

वेळ नव्हता, तरी मामाने त्या लांबलचक नाड्या सोडल्या. ओट्याशी पाट मांडला, निरांजन लावलं. आईने त्याला ओवाळलं. माझे डोळे भरून आले.

परतताना एक्स्प्रेसवे पुन्हा तुंबला, पण आता घाई कुणाला होती? फाटक उघडलं असतं तर आईच भावाकडे गेली असती. अडलो, म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाऊ बहिणीच्या घरी आला. मावळतीला बीजेची कोर दिसली. आई काचेशी सरकली आणि तिने हात जोडले.

"यंदा तुला सुट्टी रे बाबा," ती म्हणाली.