वकिलीची सुरुवात बाकावरून

अॅडव्होकेट कुमुदिनी देवरे यांची आणि माझी पहिली भेट दोन मिनिटांत संपली. मला सनद मिळून आठवडा झाला होता. नवा काळा कोट हातावर घेऊन मी गंगापूर रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात गेले. मॅडमनी माझे गुण विचारले नाहीत की कागदपत्रं पाहिली नाहीत. "कोट त्या खुंटीला लावा," त्या म्हणाल्या, "आणि बाहेर पक्षकारांच्या बाकावर बसा." मला वाटलं, थोड्या वेळाने आत बोलावतील. बोलावलं ते संध्याकाळी, आणि विचारलं ते एवढंच, "आज काय ऐकलंत?"

मी काहीच ऐकलं नव्हतं. मी नुसती बोलावण्याची वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवशीही बाकच. त्यानंतरही बाकच. माझ्याबरोबर पास झालेली मुलं एव्हाना सीनियरच्या मागे फाइली घेऊन कोर्टात उभी राहत होती. पुण्याच्या एका कंपनीत करार तपासायची नोकरी मला मिळत होती आणि महिनाअखेर होकार कळवायचा होता. घरच्यांचा कल तिकडेच होता. बाकावर बसल्या बसल्या माझाही होऊ लागला होता.

अशातच दिंडोरीच्या हिराबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. वडिलांच्या द्राक्षबागेत हिस्सा मिळावा म्हणून त्यांनी सख्ख्या भावावर वाटपाचा दावा लावला होता. माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "तुझं काय गं पोरी? नवऱ्यानं टाकलं का?"

"नाही हो. मी अशीच बसले आहे."

"अशीच? इथं कोन हौसेनं बसतं वं?" त्या हसल्या. मग त्यांच्या आधी आत गेलेला माणूस बाहेर येईना, तशा आपणहून बोलू लागल्या. भाऊ दोन वर्षं दिवाळीला न्यायला आला नाही. निरोप नाही, फोन नाही. "मंग लावली केस. आता तारखेला तरी दिसतो. लय वाळलाय. बायको जेवू घालती का नाय, कोन जाने."

नंतर आत जाऊन त्याच हिराबाईंनी मॅडमना ठणकावून सांगितलं, "मला माझा हिस्सा पायजे. बाकी काय नाय." त्यांचा आवाज दारातून मला ऐकू येत होता.

संध्याकाळी मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा प्रथमच माझ्याकडे उत्तर होतं. ते ऐकून मॅडमनी चष्मा काढला. "वर्षभर ही बाई माझ्याकडे येते आहे. तिने हे मला का नाही सांगितलं?" हा प्रश्न माझ्यासाठी नव्हता. तीस वर्षं वकिली केलेल्या बाई तो स्वतःला विचारत होत्या, आणि त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मग म्हणाल्या, "पण हे त्यांनी बाकावरच्या मुलीला सांगितलंय, वकिलाला नाही. तुम्ही कोण आहात ते आधी त्यांना सांगा. त्या हो म्हणाल्या, तरच हे आपण वापरायचं."

पुढच्या खेपेला मी घाबरतच सांगितलं. हिराबाईंनी डोळे मोठे केले. "वकील? आन तुला बाहेर बसवलंय? काय चूक केली तू?" मी हसले, त्याही हसल्या. मग पदर सारखा करत, हळू आवाजात विचारलं, "दोन्ही मागता येतं का वं? हिस्साबी आन भाऊबी?"

बहीण-भावाला समोरासमोर बोलतं करायचं काम मॅडमनी माझ्यावर सोपवलं. समोरच्या वकिलांशी त्यांनी आधी बोलून घेतलं, स्वतः मात्र आल्या नाहीत. "मी आले की दोघं माझ्याशी बोलतील. त्यांनी एकमेकांशी बोलायला हवं." कोर्टाच्या व्हरांड्यात बहीण-भाऊ भिंतीला टेकून उभे, मधे मी.

"तिनं केस लावली, मंग मी कोन्या तोंडानं न्यायला येऊ?" भाऊ माझ्याकडे बघत म्हणाला.

"तू आला नाय म्हनून लावली ना! आन तिच्याकडं काय बघतो? हिकडं बघ."

त्याने बघितलं. मग मला बोलावंच लागलं नाही.

भाऊ पुन्हा बोलू लागला, या आनंदात हिराबाई हिस्सा सोडून द्यायला निघाल्या. तिथे मात्र मॅडम ठाम राहिल्या. "भाऊ आला, ही चांगली गोष्ट झाली. त्याची किंमत म्हणून जमीन द्यायची नाही. पण हा निर्णय तुमचा आहे, म्हणून घरी जाऊन नीट विचार करून या." हिराबाई विचार करून आल्या आणि त्यांचा हिस्सा तडजोडनाम्यात आला. त्याचा पहिला मसुदा मी लिहिला. मॅडमनी तो तीनदा परत केला आणि चौथ्यांदा सही केली.

मला वाटलं, काम संपलं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मॅडमनी विचारलं, "आला होता का तो?" मला माहीत नव्हतं. "मग विचारा की," त्या म्हणाल्या. मी फोन केला. हिराबाई तिकडून म्हणाल्या, "आला व्हता. आला आन पहिलं माझ्या शेवेला नावं ठेवली." मॅडमना हे सांगितलं, तेव्हा त्या इतक्या मोकळेपणी हसल्या की आतल्या खोलीतून कारकून बघायला आले. पुण्याची नोकरी तोवर दुसऱ्या कोणाला मिळाली होती. मी कळवायचंच विसरले होते.

त्यानंतर कितीतरी नवे वकील मॅडमच्या हाताखालून गेले. आम्हा सगळ्यांना काय शिकवलं, यापेक्षा आमच्यासाठी मॅडम कुठे उभ्या राहिल्या, ते मला सांगावंसं वाटतं. माझ्या बाळंतपणाच्या सुमारास माझ्या स्वतःच्या दोन-तीन केसेस होत्या. त्या पक्षकारांनी दुसरा वकील पाहिला असता, तर मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं. मॅडम माझ्या तारखांना जाऊन उभ्या राहिल्या. न्यायाधीश चकित होऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्यांच्या वतीने?" "हो साहेब," मॅडम म्हणाल्या, "आज मी त्यांची ज्युनिअर आहे." हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. समोरच्या वकिलांकडून कळलं.

हल्ली सुरगाण्याकडचा एक तरुण त्यांच्याकडे आहे. गावाकडच्या बोलीत बोलायला तो ऑफिसात लाजायचा. मॅडम त्याच्याकडून रोज एक शब्द शिकून घेतात आणि चुकीचा उच्चारतात. तो दुरुस्त करतो. सीनियरची चूक दाखवायची सवय त्याला आपोआप लागते आहे.

मॅडमना मी बरेचदा विचारलं आहे, "तुम्हाला सुरुवातीला कोणी सांभाळलं?" त्या "कोणी नाही" म्हणतात आणि पुढची फाइल ओढतात. त्या काळी कोर्टात बायका किती कमी होत्या, हे आपण सगळे जाणतो. मॅडम तेव्हा देवळा गावाहून नुकत्याच आल्या होत्या. ती एकटी मुलगी कोणाच्या शेजारी बसत असेल, पहिल्यांदा हरल्यावर कोणाला सांगत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

पंच्याहत्तरीत पाऊल टाकणाऱ्या मॅडमना निरोगी आणि खूप मोठं आयुष्य लाभो. गुडघ्यांनी त्यांना त्रास देऊ नये, डोळ्यांनी साथ द्यावी. आणि एखाद्या संध्याकाळी, ऑफिसात फारसं कोणी नसताना, त्यांनी मला त्या मुलीबद्दल सगळं सांगावं. मी मधे बोलणार नाही. ऐकायला त्यांनीच शिकवलं आहे.