मेसेज कोणी बघायचे

ही गोष्ट मी नवऱ्याजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही. जिच्यापासून माझं काहीच झाकून राहत नाही, त्या धाकट्या बहिणीजवळसुद्धा नाही. तुमच्याजवळ बोलतेय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही, एवढंच. ओळखीच्या माणसासमोर हा विषय आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. एरवी ती चांगली सैल आहे, आमच्या आळे गावात कुणालाही विचारा.

पण आधी मला लोकांनी काय काय दिलं ते सांगू द्या. ते कळल्याशिवाय मी काय केलं ते नीट कळायचं नाही.

माझं काम म्हणजे लोकांची पेजं सांभाळणं. आळेफाट्यावर माझा छोटा गाळा आहे. नर्सरीवाले, कृषी पर्यटनवाले, एक दातांचे डॉक्टर, एक सराफ — यांचे फोटो, रील, जाहिराती मी बघते. माहेर राजुरी. लग्नाआधी पुण्यात असल्याच एका ऑफिसात नोकरी केली होती. लग्न होऊन आळ्यात आले तेव्हा सासरच्यांना वाटायचं, सून दिवसभर मोबाईलच बघत बसते. बघतच बसायचे म्हणा, कारण काम कुणी देत नव्हतं.

पहिलं काम दिलं सुदामभाऊंनी. बोरी बुद्रुकला त्यांची रोपांची नर्सरी आहे, टोमॅटो, मिरची, फ्लॉवर. माझ्या नवऱ्याच्या मित्राचे ते थोरले भाऊ, इतकीच ओळख. तेवढ्या ओळखीवर त्यांनी नर्सरीचं नाव माझ्या हातात दिलं. घरी नेट चालायचं नाही, तर शालनवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नर्सरीतल्या खोलीत मला टेबल-खुर्ची मांडून दिली. दुपारी जेवायला त्यांच्याबरोबर. दुसरी भाकरी त्या मला कधी विचारून वाढायच्या नाहीत, सरळ ताटात टाकायच्या. मी आज जी कुणी आहे ती त्या खोलीतून निघालेली आहे. हे मी चारचौघांत नेहमी सांगते. पुढचं सांगत नाही.

आमचा करार झाला तो चहा पिता पिता, तोंडी. आपल्या माणसात कसला कागद? भाऊ म्हणाले, “पेजचं सगळं तू बग, पोरी.” वहिनींनी मात्र विचारलं, “लोकं त्यात मेसेज टाकत्यात, इचारपूस करत्यात, त्ये कोन बगनार?” मी बघेन म्हटलं. कुणी गळ घातली नव्हती. नवी होते, उत्साह होता, म्हणून आपण होऊन बोलले.

‘सगळं’ या शब्दात काय काय मावतं ते तुम्हाला सांगायला हवं का? भाऊंच्या चुलत्यांच्या दशक्रियेचा मजकूर मावतो. भाच्याच्या वाढदिवसाचा बॅनर मावतो, त्यात भाच्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा लावून मिळावा ही सूचनाही मावते. गावच्या सप्ताहाची पत्रिका, सोसायटीच्या निवडणुकीतले आभार, वहिनींच्या भावाच्या बैलांचे रील. मी सगळं केलं, आणि मनातल्या मनात धुसफुसत केलं. तोंडाने एकदाही नाही म्हटलं नाही. हा माझा जुना गुण — तोंडावर हो म्हणायचं आणि मग दुसरीकडे कुठेतरी हात आखडता घ्यायचा. तो आखडला मेसेजमध्ये. रोज बघायचे ते दोन दिवसांनी बघायला लागले, मग आठवड्याने. विचार असा की एवढी जास्तीची कामं करतेय तर हे राहिलं तर राहिलं. भाऊंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी मेसेज मी बघत होते.

आता नर्सरीची रीत सांगते. रोप लावलं की पहिलं पाणी, दुसरं पाणी ते आंबवणी, तिसरं ते चिंबवणी. आता सगळीकडे ठिबक आलंय, पण पाळ्यांची नावं तीच राहिली. भाऊंचा शब्द असा होता — चिंबवणीच्या आत रोपात काही वावगं दिसलं तर कळवा, रोपं बदलून मिळतील, उलट प्रश्न नाही. चिंबवणी झाली की रोप तुमचं, नशीबही तुमचं. हा शब्द पेजवर मीच टाकला होता, चांगला सजवून. खाली लिहिलं होतं, ‘तक्रार असल्यास मेसेज करा.’ तेही मीच.

बिरूभाऊ हे आंबेगाव तालुक्यातले, मंचरच्या पुढचे. घर मूळचं मेंढरांमागे फिरणारं. त्यांचा भाऊ अजून मेंढरं राखतो, हे शेती करतात. एका उन्हाळ्यात त्यांनी आमच्याकडून टोमॅटोची रोपं नेली होती. माणूस कमी बोलणारा. रोपांचे ट्रे टेम्पोत चढवताना प्रत्येक ट्रेखाली तळहात धरत होते, ते मला आठवतंय.

त्यांचा मेसेज आला त्या दिवशी मी एका यात्रेत होते, बैलगाडा शर्यतीच्या घाटावर. वहिनींच्या भावाच्या बैलांची पळायची बारी होती आणि रील मी काढायची होती — ‘सगळं’मधलं ते एक. धुरळा, भोंगा, नुसता आरडाओरडा. मोबाईल आडवा धरून उभी होते आणि वरच्या पट्टीवर अक्षरं आली. रोपांची पानं आकसल्यासारखी दिसत्यात, फोटो टाकलाय, चिंबवणी द्यायची थांबवलीय, काय करू?

मी वाचला तो मेसेज. पुरता वाचला. उघडला नाही, कारण उघडला असता तर रील तुटलं असतं. अंगठ्याने पट्टी वर सारली आणि बैलांकडे बघत राहिले.

विसरले असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण मी विसरले नव्हते. घरी येताना आठवलं, म्हटलं सकाळी भाऊंना सांगू. सकाळी भाऊंची गडबड होती. नंतर एकदा आठवलं तेव्हा मधे दिवस गेले होते, आणि आता सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. मेसेज मी बघतच नाही, हेही. मग? मग मी गप्प बसले. त्या माणसाने पाणी थांबवून धरलं होतं, उन्हाळ्यात. उत्तराची वाट बघत होता. आणि मी रीलला गाणं शोधत होते.

शेवटी रोपं वाळू नयेत म्हणून त्यांनी चिंबवणीचं पाणी दिलं. त्यानंतर काही दिवसांनी ते नर्सरीत आले, ओल्या पोत्यात चार रोपं गुंडाळून. पानं वळलेली, शेंडे खुजे. भाऊंनी बघितलं आणि विचारलं, चिंबवणीच्या आधी का नाही कळवलं? त्यांनी मोबाईल काढून दाखवला — हा बघा मेसेज. आणि भाऊंनी मला हाक मारली.

आजूबाजूला गिऱ्हाइकं होती. वहिनी दारात उभ्या होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मोबाईलमधलं कळणारी मी एकटी.

मी म्हटलं, अनोळखी माणसाचा मेसेज वेगळ्या खान्यात जातो, तो आपल्याला दिसत नाही.

यात अर्धं खरं आहे. तसा खाना असतो. म्हणूनच हे खोटं इतकं चपखल बसलं. मी ते शिकवल्यासारखं, शांत आवाजात सांगितलं, पुण्यातल्या ऑफिसात गिऱ्हाइकाला समजवायचे तसं. बिरूभाऊंनी मोबाईल उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, “मंग माजंच चुकलं. फोन करायला पायजे व्हता.”

भाऊंना वाईट वाटलं. शब्द मोडता येत नव्हता, तरी म्हणाले, थोडी रोपं शिल्लक आहेत, घेऊन जा. बिरूभाऊंनी घेतली नाहीत. “न्हाई भाऊ, चूक माजी. तुमी कशापायी?” आणि जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, बरं झालं ताई, तुम्ही समजावून सांगितलंत. मी मान हलवली. काय केलं असतं तुम्ही? मला खरंच विचारायचं नाहीये. मी मान हलवली, एवढं सांगते.

त्यांनी प्लॉट उपटून टाकला. त्या वर्षी टोमॅटोला असा भाव लागला की बाजाराच्या रस्त्यावर क्रेट भरलेल्या गाड्यांची रांग हलत नव्हती. बिरूभाऊ आणि त्यांची बायको दुसऱ्यांच्या रानात टोमॅटो तोडायला जात होते. हे मला वहिनींनी सांगितलं, हळहळून.

आणि मी काय केलं? मी करार लिहिला. आयुष्यातला पहिला लेखी करार. महिन्याला पोस्ट किती, रील किती, फोटो कोणी काढायचे, दुरुस्त्या किती वेळा, पासवर्ड कोणाकडे, घरगुती कार्यक्रमांचे बॅनर यात नाहीत — आणि मधेच, सहज टाकल्यासारखं, मेसेजना उत्तर देणं या कामात धरलेलं नाही, तक्रार फक्त फोनवर. बाकीच्या ओळी खऱ्या गरजेच्या होत्या. पण मला लिहायची होती ती ही एकच. तिला एकटं वाटू नये म्हणून बाकीच्या लिहिल्या. भाऊंनी वाचून सही केली आणि वर कौतुक केलं. पोरीनं कसं स्वच्छ लिहिलंय, आधीच असं असतं तर बिरूचं नुकसान झालं नसतं, असं म्हणाले.

त्या कौतुकावर माझा धंदा उभा राहिला. भाऊ फाट्यावर ज्याला त्याला सांगायचे, ताईंचं काम म्हणजे काय करणार आणि काय नाही, पहिल्या दिवशी कळतं. त्यांच्या शब्दावर गिऱ्हाइकं आली. आता नव्या मुली मला विचारायला येतात, तेव्हा मी सांगते, कामाला आधी बांध घाला. कोणतं वावर तुमचं आणि कोणतं त्यांचं, हे गोडीत असतानाच ठरवा. विशेषतः मेसेज कोणी बघायचे ते लिहून घ्या. सल्ला चांगला आहे. मी तो आजही देते. बांध घालायला मी शिकले ती दुसऱ्याचं वावर बुडवून, हे त्या मुलींना कोण सांगणार?

त्यानंतर एक दिवस बिरूभाऊ माझ्या गाळ्यात आले. त्यांना आणि त्यांच्या भावाला मेंढरांचं लेंडीखत द्राक्षवाल्यांना विकायचं होतं, त्यासाठी पेज हवं होतं. इतक्या जणांमधून माझ्याकडे का? तर म्हणाले, “तुमी खरं ते सांगता. त्या वक्ताला माजी चूक त्वांडावर सांगितली.”

मी त्यांचं काम घेतलं. त्यांच्या करारात मेसेज मी बघेन असं लिहिलं, न मागता. आलेला एकही मेसेज मी पडू देत नाही. लेंडीखतासाठी इतकी तत्परता कुणी दाखवत नसेल. भाव विचारणाऱ्याने चहा ठेवायच्या आत त्याला उत्तर गेलेलं असतं. त्यांचं खत चांगलं खपतं. ते मला देवमाणूस समजतात, आणि मी समजू देते. यातून फिटलं असं मला वाटत नाही. असल्या गोष्टी फिटत नसतात.

एक मात्र आहे. बिरूभाऊ स्वतः कधी मेसेज करत नाहीत. फोटो बदलायचा असो, भाव वाढवायचा असो, मोटरसायकल काढतात आणि मंचरच्या पुढून आळेफाट्याला येतात. पाणी पितात, काय ते सांगतात, परत जातात. उन्हात, पावसात. मी कितीदा म्हटलं, एक ओळ टाकली असती तरी चाललं असतं. ते हसून गाडीला किक मारतात.

सुदामभाऊ, शालनवहिनी आणि हे बिरूभाऊ — माझं घर, माझा गाळा, माझी पत या तिघांच्या भरवशावर उभी आहे. माझ्यासारखीला अशी माणसं मिळावीत, हे माझ्या लायकीच्या बाहेरचं आहे. मी त्यांची ऋणी आहे, असं म्हणायलाही मला तोंड नाही. कारण ज्याचं ऋण मानायचं त्याच्या तोंडावर खोटं बोलून मी पुन्हा त्याच्याच ताटात जेवले.

गेल्या आठवड्यात बिरूभाऊ आले ते मुलीला घेऊन. तिचं लग्न ठरलंय. पत्रिका मोबाईलवर पाठवता आली असती, हल्ली सगळे तशीच पाठवतात. मुलगी कौतुकाने तक्रार करत होती, बाबा एकेका घरी स्वतः जातायत म्हणून. तर ते तिला म्हणाले, “मेसेज पोचंल न्हाई पोचंल, बाई. मानसानं सवता जावं. ही अक्कल मला ताईंनी दिली. लई उपकार हायेत त्यांचं. पाया पड.”

ती माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढा तरी हात मागे घ्यायला हवा होता मी, पण घेतला नाही.

मेसेज पोचला होता, बिरूभाऊ. चिंबवणीच्या आधी पोचला होता. मी तो वाचला होता.