सायमाला उठवायचं राहिलं

आयली कोस्कीने चर्चच्या तळघरात पोरांना योग शिकवायचं काढलं, तेव्हा सगळ्यात जास्त नाक मुरडलं ते मी. तळघराची किल्ली आणि कॉफीचं भांडं, दोन्ही माझ्या ताब्यात. जन्मभर शाळेच्या खानावळीत बटाटे वाढलेली ही बाई. पाठदुखीसाठी कुठलासा व्हिडिओ बघून चार आसनं शिकली आणि निवृत्त होताच गुरू झाली. पी हळद आणि हो गोरी, असं मी पाद्रीबाईंना सांगूनही आले.

सरोवराकाठच्या आमच्या गावात खाण बंद पडल्यापासून शाळा सुटल्यावर पोरांना कुणी विचारत नव्हतं. आयली त्यांना दर बुधवारी बर्फाने वाकलेला देवदार करायची, बर्फावरची गाडी ओढणारा कुत्रा करायची, ओठ मिटून जूनमधल्या डासांसारखं गुणगुणायला लावायची. "हेल्मी, इतकी वर्षं ह्यांच्या ताटात वाढलं," ती मला म्हणाली, "पण एकाचाही श्वास कधी ऐकला नव्हता. मी कशासाठी मागे उरले, ते आता कळतंय." नवरा गेल्यापासून तिला इतकं ताठ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मी निदान तोंडावर तरी बोलायचं सोडलं.

शेवटचा खेळ गोठलेल्या सरोवराचा. पोरं डोळे मिटून पाठीवर निपचित पडायची. आयली वसंत ऋतू व्हायची आणि अनवाणी फिरत एकेकाच्या पायाच्या अंगठ्याला हात लावायची. हात लागला की वितळायचं, उठून बसायचं. त्याआधी हलायचं नाही. एरवी कुणाच्या बापाला न ऐकणारी पोरं हा नियम मात्र काटेकोर पाळायची.

मार्चमधल्या एका बुधवारी खेळ चालू असतानाच बर्फ उपसणाऱ्या गाडीचा भोंगा झाला. तो झाला की रस्त्यावरच्या मोटारी हलवाव्याच लागतात, नाहीतर त्या बर्फाखाली गाडल्या जातात. आईबाप धडाधड खाली आले आणि पोरांना कोटात कोंबून घेऊन गेले. तळघर तापवणाऱ्या बॉयलरजवळच्या कोपऱ्यातली सायमा तेवढी उठवायची राहिली होती. तिच्या मामाने तिला तशीच उचलली.

"मला उठवलंच नाहीस," ती जिन्यावरून म्हणाली.

"पुढच्या बुधवारी सगळ्यात आधी तुला," आयली म्हणाली.

त्या रविवारी मामाबरोबर मासे धरायला गेलेली सायमा सरोवरावरच्या पातळ बर्फातून खाली गेली.

दफन झाल्यावर आयलीने वर्गाच्या सतरंज्या माझ्या दारात आणून टाकल्या. पुन्हा शिकवणार नाही म्हणाली. मग पडदे ओढून घरात बसायला लागली. मी समजावून बघितलं, रागावून बघितलं. जिवंतपणी स्वतःला गाडून घेत होती बाई, आणि मला ते बघवत नव्हतं.

एप्रिलात एका बुधवारी दुपारी मी कॉफीचं भांडं आणायला तळघरात उतरले. दाराला कुलूप मीच लावलं होतं, असं मला अजूनही वाटतं. आत अंधारात पोरं पडलेली होती. गार फरशीवर, आपापल्या जागी. बॉयलरजवळचा कोपरा तेवढा मोकळा होता.

मी दिवा लावला, ओरडले, आयांना बोलावण्याची धमकी दिली. कुणाची पापणी हलली नाही. शेवटी मी सायमाच्या मामेभावाच्या, ऑटोच्या अंगठ्याला हात लावला.

तो डोळे न उघडता म्हणाला, "तू वसंत नाहीस, हेल्मीआजी. आणि हळू बोल. सायमा अजून झोपलीय."

त्या मोकळ्या कोपऱ्यातूनही श्वास ऐकू येत होता. बॉयलरचा आवाज म्हणावा, तर तो आठवडाभर बंद होता.

मी कोट न घालता आयलीकडे धावले. पोरं उठत नाहीत, एवढंच दारातून सांगितलं. ती आली. जिन्याशी तिने बूट काढले, मोजे काढले आणि एकेकाच्या अंगठ्याला हात लावत गेली. पोरं उठून बसत गेली. कोपऱ्यापाशी मात्र ती थांबली.

"माझ्याने नाही होणार, हेल्मी."

"मग ती तिथेच राहील," मी म्हणाले. असं कसं बोलले, देव जाणे.

आयली गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पुढे केला. तो फरशीला टेकला नाही. वीतभर वरच थांबला, एखाद्या लहान पावलावर ठेवावा तसा.

"उशीर झाला गं, सायमा," ती म्हणाली. "ऊठ, बाळा."

पोरांनी भिंतीकडे सरकून वाट मोकळी केली. ऑटोने जाऊन जिन्याचं दार उघडलं आणि धरून ठेवलं. बराच वेळ त्याने ते धरलं, मग हळूच लोटून दिलं. कोपऱ्यातला श्वास थांबला होता.

आयलीची बोटं पांढरीफटक पडली होती. कॉफीचा गरम पेला धरून ती खूप रडली, आणि मीही रडले. पुढच्या बुधवारी सतरंज्या मीच खाली नेल्या.

आता भोंगा वाजला तरी आयली आधी सगळ्यांना उठवते. एकदोघांच्या मोटारी गाडल्या गेल्या, लोकांनी आरडाओरडा केला, मग गप्प बसले. गुडघे कुरकुरतात, तरी शेवटच्या खेळाला मीही पडते. आयली मुद्दाम मला शेवटी ठेवते, जुन्या बोलण्याचं उट्टं काढायला. मी हूं की चूं करत नाही. तिची बोटं त्या दिवसापासून गारच आहेत. ती अंगठ्याला लागेपर्यंत मी हलत नाही.