फोटो सौदीला पोचला तेव्हा

हळद शिजल्याचा वास आला की वसमतमधलं माझं नेट कॅफे आठवतं. कुरुंद्याच्या रुक्मिणमावशी पिवळ्या हातांनी नातवाचा फोटो घेऊन आल्या होत्या. मुलगा सौदीत होता, त्यानं लेकरू पाहिलंच नव्हतं. फोटो वेबसाइटवर चढवायची पीएचपी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, मी लिहिली होती. लॉगिन व्हायचं, पण फाईल जात नव्हती.

"काहून अडकून राहिलं?" मावशींनी विचारलं.

माझा मित्र युनूस म्हणाला, "फोटो घ्यायला वेबसाइटचा सर्व्हर उलटा आपल्याकडं जोडायला येतो, आपल्या कॉम्प्युटरची राखण करणारी फायरवॉल त्याला अडवते. पॅसिव्ह मोड लाव, म्हंजे आपणच त्याच्याकडं जाऊ."

मी तेवढी एक ओळ वाढवली आणि फोटो गेला.

थोड्या वेळानं मुलाचा फोन आला. मावशी बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "रडू नको रे. नाक तुझंच हाये."

तेव्हा मी स्क्रिप्ट चालल्याच्याच आनंदात होतो. आता माझी मुलगी परदेशात आहे, आणि मला त्या माउलीचं गप्प राहणं आठवतं.