ओळखीचे गुरुजी

हजीरा भागातल्या एका घरी गणपतीची पूजा अर्ध्यावर आली होती आणि पिशवीत माझा फोन थरथरत होता. पूजा सांगताना मी फोन उचलत नाही. पण स्क्रीनवर 'बाबा' दिसत होतं, आणि बाबा मला फोन करत नाहीत. यजमानांना दुर्वा निवडायला बसवून मी गॅलरीत गेले.

"तुझ्या ओळखीचे कोणी गुरुजी आहेत का?" बाबांनी विचारलं. "आपल्या गुरुजींना सकाळीच अ‍ॅडमिट केलं. इकडचे हिंदी पंडितजी येतील, पण आपली मराठी पद्धत त्यांना जमत नाही. मूर्ती तशीच बसून आहे."

"आहेत एक," मी म्हटलं. "थोडा उशीर होईल."

"चालेल. दुपार टळायला नको, बस."

मी आधी विमा कंपनीत क्लेम ऑफिसर होते. पक्की नोकरी, पंखा डोक्यावर, चहा टेबलावर. ती सोडून पौरोहित्य शिकले, तेव्हा बाबा म्हणाले, "लोक हसतील." लोक थोडे दिवस हसले. 'लेडी पंडितजी' म्हणून मजा घेतली आणि मग पूजा सांगायला बोलावू लागले. बाबांनी मात्र बोलणंच टाकलं. लष्कर भागातलं बाबांचं घर सोडून मी शहरातल्याच दुसऱ्या भागात, हजीऱ्याला खोली घेतली.

या कामात वर्दळ फार आणि सोबत शून्य. सगळ्यांच्या सणाला मी हजर, माझ्या सणाला मी एकटी. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना कधीकधी ऑफिसातल्या पाणचट चहासाठीसुद्धा रडू येतं.

शेअर टेम्पोने लष्कर गाठलं. बाबांनी दार उघडलं आणि माझ्या मागे जिन्यात बघितलं.

"गुरुजी?"

"मीच."

आता दार लावतील, असं मला खरंच वाटलं. आत पाटावर गणपती होता, तोंडावरचा रुमाल तसाच. प्राणप्रतिष्ठा, म्हणजे मूर्तीत देवाला बोलावणं, झाल्याशिवाय आमच्याकडे तो काढत नाहीत. बाबाही उपाशीच दिसत होते. ते आत गेले आणि तांब्याभर पाणी आणून उंबऱ्यापाशी ठेवलं. पाय धुवायला. गुरुजींना देतात तसं.

पूजा संकल्पाने सुरू होते. कोण, कुठल्या गोत्राचा, कोणासाठी पूजा करतोय, हे देवाला सांगायचं. माहीत असलं तरी यजमानाला विचारायचं. क्लेमच्या फॉर्मचंही असंच असतं.

"गोत्र?"

"भारद्वाज," बाबांनी मला सांगितलं.

"घरात कोण कोण?"

ते मूर्तीकडे बघत राहिले. "बायको गेली. मी असतो." मग म्हणाले, "एक मुलगी आहे. हजीऱ्याला एकटी राहते. तिचंही नाव घ्या. तब्येत नीट राहू दे तिची."

"नाव?"

"माधवी."

मी माझं नाव घेतलं. मंत्र पाठ होते म्हणून निभावलं.

आरती दोघांनीच म्हटली. शेवटी यजमान गुरुजींना नमस्कार करतो. मी "बाबा, नको" म्हणेपर्यंत ते वाकलेही होते.

"जेवून जाणार ना?" त्यांनी विचारलं.

गुरुजी सहसा थांबत नाहीत, पुढचं घर असतं. मला पुढचं घर नव्हतं. शेजारच्या काकूंनी नैवेद्य करून दिला होता. बाबांनी आग्रह करकरून वाढलं, आणि जेवल्यावर मला माझं ताट उचलू दिलं नाही. मी निघाले तेव्हा बाबा जिन्यापर्यंत आले.

"पुढच्या वर्षीही याल ना?"

"येईन."

विमा कंपनीत एक नियम होता. नातेवाइकाची फाइल आपण हाताळायची नाही, दुसऱ्या टेबलावर द्यायची. तो लबाडी टाळायला केलाय, असं मी समजत होते. आता वाटतं, नियम करणाऱ्याने कधीतरी आपल्याच घरी पाहुण्यासारखं जेवून बघितलं असावं.

बाबांना आता हक्काचे गुरुजी मिळाले आहेत. मुलगी अजून हजीऱ्यालाच असते.