सोन्यातलं मीठ

चार जुने लॅबवाले एकत्र बसले की तोंडी लावायला किस्सेच लागतात. आमचेही साठलेत. पण सांगताना मी जरा चाचरतो, कारण त्यातल्या एकात चूक माझी आहे.

नव्वदीच्या सुमाराला वागळे इस्टेटमध्ये आमची सहा माणसांची लॅब होती. काम एकच. कार्बन मोनॉक्साइड हा वायू ना दिसतो, ना वास येतो, माणूस मात्र मारतो. सोन्याची अतिबारीक पूड त्याला साध्या हवेतच निरुपद्रवी करून टाकते. ती पूड भरलेला मुखवटा कारखान्यातल्या कामगारांसाठी बनवायचा, हे आमच्या देवधर सरांचं वेड!

* * *

सोनं नौपाड्यातल्या एका सराफाकडून यायचं. एकदा तो स्वतःच बघायला आला. सरांनी बशीतली विटकरी पूड दाखवली.

"हे माझं सोनं?"

"तुमचंच. लोखंडाच्या गंजावर बसवलंय."

सराफानं बशी उचलून उजेडात धरली. "साहेब, लोक उगाच आम्हाला नावं ठेवतात!"

* * *

पुडीची चाचणी घ्यायला जिथे हा वायू सोडायचो, त्या गॅसच्या खोलीत कुणी गेलं की बाहेरच्यानं दर पाच मिनिटांनी हाक मारायची. "ठीक आहे" हे उत्तर सरांना चालायचं नाही. "हा वायू चढलेला माणूससुद्धा ठीक आहे म्हणतो आणि मग पडतो," ते म्हणायचे. म्हणून पाढा विचारायचा. उत्तर चुकलं की आत घुसून माणसाला बाहेर ओढायचं, आणि सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं.

माझ्या पहिल्याच पाळीला सर बाहेरून ओरडले, "तेरा सत्ते?"

"एक्क्याऐंशी!"

दोघांनी मला कॉलर धरून ओढलं आणि थेट रस्त्यावर पानाच्या टपरीसमोर आडवं केलं. माझं डोकं अगदी ठिकाणावर होतं हो! तेराचा पाढाच येत नव्हता. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर अंकलिपी.

* * *

म्हात्रेमामा आमचे सगळ्यात जुने मदतनीस. खाडीकाठचे, घरचे सगळे मिठागरावर राबलेले. पाढ्यांचं ऐकल्यावर ते सरळ म्हणाले, "साहेब, मना पाढे येत नाय."

"मग काय येतं?"

"पोरांची नावं येतात."

तेव्हापासून त्यांना तेवढंच विचारायचं. आतून खणखणीत आवाज यायचा, "जनू, काशी, बाळ्या!"

* * *

मामांचं खरं काम धुण्याचं. सोनं आम्लात विरघळवलं की पुडीत क्लोराइड उरतं. ते राहिलं तर भट्टीत सोन्याच्या गुठळ्या होतात आणि पूड मेली. मामा त्याला मीठच म्हणायचे. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पाणी दुधाळ झालं की पुन्हा धुवा. वीस वीस वेळा!

"बापानं जल्मभर मीठ पिकवला, मी जल्मभर धुतोय," मामा म्हणायचे.

* * *

आता माझा किस्सा. मामांचा धाकटा, बाळ्या, डोंबिवलीला एका कारखान्यात होता. मामांनी सरांच्या मागे लागून पहिले मुखवटे त्याच कारखान्याला द्यायचं कबूल करून घेतलं होतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी मामा लवकर गेले आणि शेवटचं धुणं माझ्याकडे आलं. खोपटहून गावची एसटी पकडायची होती. थेंब न टाकताच मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "साफ."

सुट्टीनंतर बॅच तपासली. मेलेली! मामांनी पूड बोटांवर घेतली आणि एवढंच म्हणाले, "मीठ राह्यला."

मुखवटे दीड महिना लांबले. त्या दीड महिन्यातच बाळ्या हाच वायू साठलेल्या एका टाकीत सफाईला उतरला, तोंडाला ओला रुमाल बांधून. तसाच वर काढला त्याला.

मी आजही कुणाच्या तोंडावर ओला रुमाल बघू शकत नाही.

* * *

तेरावं झाल्यावर मामा कामावर आले. मी त्यांना गाठलं. "मामा, ती बॅच... मी थेंब टाकला नव्हता."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग नवी पूड भरलेलं फनेल माझ्यासमोर सरकवलं.

"पानी वत."

त्या बॅचला मी एकतीस वेळा धुतलं. मामा शेजारी उभे होते.

* * *

मुखवटा तयार झाला. तो घालून पहिल्यांदा गॅसच्या खोलीत कोण जाणार यावर चर्चाच झाली नाही. मामांनी तो सरांच्या हातातून काढून घेतला आणि आत गेले. दोघंजण कडीवर हात ठेवून उभे. मी रजिस्टर घेऊन. सरांची नजर घड्याळावर.

पाच मिनिटं झाली. सवयीनं सर ओरडले, "म्हात्रे, पोरांची नावं?"

म्हटलं आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

मग मुखवट्यातून घुमत आवाज आला.

"जनू, काशी, बाळ्या."

कडीवरच्या दोघांनी सरांकडे पाहिलं. सरांनी हात आडवा केला. मग माझ्याकडे वळले.

"लिही," ते म्हणाले. "उत्तर बरोबर."