काशिनाथभाऊंचा झाडांचा पट्टा

काशिनाथभाऊंइतका हट्टी माणूस मी कुवेतात दुसरा पाहिला नाही, आणि इथे हट्टी माणसांचा काही तुटवडा नाही, माझ्या घरातच तीन आहेत. भाऊ गुहागरकडचे. गणपतीची मखरं करून करून हात बसलेला. आमच्या नकाशे बनवणाऱ्या कंपनीत ते पुठ्ठ्या-लाकडाची मॉडेलं करायचे. मी फरहत, तिथली अरबीची दुभाषी.

शुऐबाच्या कारखान्यांजवळ कामगारांची नवी वसाहत व्हायची होती. तिचा पुढच्या कित्येक वर्षांचा आराखडा आमच्याकडे तयार झाला आणि बलदियाच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, परिषदेने तो मंजूर केला. कारखाने आणि घरं यांच्यामध्ये झाडांचा रुंद पट्टा होता. एकदा मंजूर झालं की काहीही बदलायला पुन्हा परिषदेचा ठराव लागतो. भाऊंनी त्याचं टेबलभर मॉडेल केलं, स्पंजची झाडं एकेक कातरून भोकात बसवली.

मी म्हटलं, "अहो भाऊ, एवढं कोण बघणार?"

"बाय, मी शुऐबाच्या कॅम्पात राहिलोय. सकाळी उठावं तर उशी काळी. आमच्या खोलीतला बाळा खोकून खोकून गावी गेला. तिथं झाडं पायजेत म्हणजे पायजेत."

पुढे परिषदेची समिती पाहणीला येणार होती, काम आराखड्याप्रमाणे चाललंय का ते बघायला. आदल्या दिवशी आमचा मॅनेजर विजयकुमार भाऊंना म्हणाला, "अर्धी झाडं काढ, तिथे गोदामं बसव." कुठल्याशा बड्या पार्टीला ती जागा हवी होती. समितीने मॉडेलमध्ये गोदामं बघून मान डोलावली की मग कागद फिरवणं सोपं, असा याचा हिशेब. काय डोकं चालतं एकेकाचं!

"ठराव दाखवा साहेब, लगेच काढतो," भाऊ म्हणाले.

"तुझा अकामा कुणाच्या हातात आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. ठराव दाखवा."

अकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो गेला की माणूस गावी. मी भाऊंना बाजूला घेऊन हातापाया पडले, पण ऐकतील तर शपथ!

शेवटी विजयकुमारने स्वतःच झाडं उपटली आणि पांढरी खोकी चिकटवली. सकाळी समिती आली. प्रमुख होत्या इंजिनिअर शरीफा. त्यांनी विचारलं, "मंजूर झालेला आराखडा हाच ना?" विजयकुमार हसत हो म्हणाला.

तेवढ्यात भाऊ पुढे झाले. नखाने एक खोकं उचकटलं. खाली झाडांची भोकं. "यहाँ पेड़ थे, मॅडम," ते म्हणाले. शरीफांनी माझ्याकडे बघितलं. विजयकुमार माझ्या कानाशी पुटपुटला, "सांग, तो मॉडेलची साफसफाई करतोय."

या अल्ला! पण भाऊ असे शांत उभे होते की मला खोटं बोलायचीच लाज वाटली. मी जे होतं ते अरबीत सांगून टाकलं.

शरीफांनी तिथल्या तिथे खोकी काढायला लावली. भाऊंनी सगळ्यांसमोर झाडं पुन्हा बसवली आणि गोंदाची वाटी धरायला कोण, तर विजयकुमार! मेल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. परिषदेने पट्टा कायम ठेवला.

कंपनीने भाऊंचा अकामा मात्र पुढे वाढवला नाही. विमानतळावर मी ढसाढसा रडले, कंपनीला नाही नाही त्या शिव्या दिल्या. भाऊच मला समजावत होते. असा माणूस घालवतात! मला अजून राग येतो.

गेल्या थंडीत वसाहतीच्या कडेला खरी रोपं लागली. मी मुद्दाम जाऊन फोटो काढले आणि भाऊंना पाठवले. लगेच फोन आला.

"रोपं बरी आहेत गो. पण कारखान्यांकडची एक रांग दिसत नाही. कुणी खाल्ली?"

"जाऊ द्या ना भाऊ. तुम्ही आता तिकडे, इथलं कशाला बघताय?"

"मी इकडे आहे. तू तर तिथंच आहेस ना?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि बलदियाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. आतल्या माणसाने विचारलं, "कोणत्या कंपनीकडून आलात?"

म्हटलं, "कंपनीकडून नाही. काशिनाथभाऊंकडून."